जुनी स्कूटर : चालणें आणि थांबणें

सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तींतून उमरेड रस्त्यानें शहराकडे निघालें, कीं वाटेंत एक उड्डाणपूल लागतो. गेल्या पावसाळ्यांत या एकाच पुलावर, एकाच आठवड्यांत, माझ्या जुन्या चेतक स्कूटरनें मला दोन धडे दिले. सोमवारीं सकाळीं पूल चढतांना ती आचके देत बंद पडली. टाकींत पेट्रोल होतें. मागच्या वाहनांनीं कर्णे वाजविले, दोन तरुणांनीं 'आजोबा, आतां भंगारांत द्या' असा हिताचा उपदेश केला, आणि मीं ती ढकलीत ढकलीत पुलाच्या कडेला घेतली. अर्धा तास गेला, घाम गेला, थोडी अब्रूही गेली. याहून अधिक कांहीं गेलें नाहीं.

गुरुवारीं त्याच पुलावरून खालीं उतरतांना मागच्या बैठकीवर माझी आठ वर्षांची नात बसलेली होती. पुढची ऑटोरिक्षा अकस्मात् थांबली. मीं उजव्या पायानें ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला जाऊन टेकलें आणि स्कूटर होती त्याच वेगानें पुढें चालली. हाताचा ब्रेक आवळून आणि डाव्या मुठीनें गिअर झटकन् खालचा टाकून मीं तिला कशीबशी आवरली. रिक्षाच्या पत्र्यापासून पुढचें चाक हातभर अंतरावर होतें. नातीला वाटलें, आजोबांनीं गंमत केली. मला मात्र घरीं पोचेपर्यंत बोलवेना.

श्रोतेहो, या ब्रेकचा दोष कोणा मिस्त्रीच्या माथीं मारावा, अशी सोय मला नाहीं. गेलीं दोन वर्षें त्याला माझ्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. पेडल सैल वाटूं लागलें, कीं चाकापाशीं असलेला केबलचा स्क्रू दोन फेरे आवळावयाचा, हात पुसावयाचे आणि घरांत येऊन 'ब्रेक दुरुस्त केला' असें सांगावयाचें, हा माझा क्रम. चाकाच्या आंत काय चाललें आहे, हें मीं एकदांही उघडून पाहिलें नव्हतें. चौतीस वर्षें मुलांना विज्ञान शिकविणाऱ्या मास्तरानें पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून गणित सोडविल्याचा हा मासला होता.

जुनें वाहन घरच्या घरीं दुरुस्त करण्याविषयीं आज जें बोलावयाचें, तें या दोन धड्यांच्या आधारानेंच. पेट्रोलच्या वाटेंत आपली चूक झाली, तर गाडी चालत नाहीं. ब्रेकमध्यें चूक झाली, तर गाडी थांबत नाहीं. पहिली चूक आपल्याला रस्त्याच्या कडेला उभें करते. दुसरी रस्त्याच्या मधोमध उघडकीस येते, आणि तिची किंमत पुष्कळदां भलताच मनुष्य भरतो. हा भेद ध्यानांत धरला, म्हणजे कोणत्या कामांत आपण हात घालावा व कोठें थांबावें, हें कळूं लागतें.

आतां थोडें या वाहनाविषयीं. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन ही स्कूटर १९७२ सालीं बाजारांत आली. बजाज ऑटोचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला. इटलीच्या पिआजिओ कंपनीशीं असलेला त्यांचा करार १९७१ सालीं संपला होता. तेव्हां बांधणी त्या कंपनीच्या व्हेस्पाच्या वळणाची आणि नांव देशी, असा हा संसार. ज्या जमनालाल बजाजांच्या घराण्याचें नांव तिच्यावर आहे, ते आमच्या शेजारच्या वर्ध्याचे, याचा आम्हां वैदर्भीयांना उगीच अभिमान वाटतो. एके काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां ती दारांत येई. मीं माझी १९९३ सालीं घेतली. पुढें कारखान्यानें ती काढणें बंद केलें. २०२० पासून त्याच नांवाची जी स्कूटर विकली जाते, ती विजेवर चालते. तिला पेट्रोलची टाकीच नाहीं. जुनी चेतक मात्र अजून अनेक घरांच्या पडवींत उभी आहे. पंधरा वर्षें उलटल्यावर तपासणी करून व कर भरून तिची पुनर्नोंदणी करावी लागते, आणि ती पांच वर्षांपुरतीच असते. तीही लोक हौसेनें करितात.

ही गाडी घरीं दुरुस्त होऊं शकते, याचें कारण तिच्यांत लपविलेलें असें फारसें कांहीं नाहीं. पेट्रोल टाकींतून आपल्या वजनानेंच खालीं येतें, पंप नाहीं. ब्रेक पोलादी तारेच्या केबलीनें ओढला जातो. तेल नाहीं, विजेची यंत्रणा नाहीं. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला ती आपला सगळा कारभार दाखविते.

प्रथम पेट्रोलची वाट पाहूं. बैठकीखालीं टाकी, टाकीच्या तळाशीं कॉक, कॉकपासून निघणारी रबरी नळी आणि नळीच्या टोकाला कार्बोरेटर, असा हा लहानसा कालवा आहे. त्यावर दोन जाळ्या पहारा करितात. एक टाकीच्या आंत, कॉकच्या तोंडाशीं; दुसरी कार्बोरेटरच्या माथ्यावर, जेथें नळी येऊन मिळते तेथें. ही दुसरी करंगळीच्या पेराहून मोठी नसते. टाकींतला गंज आणि पेट्रोलबरोबर आलेला कचरा पुढें इंजिनाकडे जाऊं न देणें, हें तिचें काम. ती तुंबली, तर तिनें आपलें काम चोख केलें असाच त्याचा अर्थ.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलांत लिटरमागें सुमारें २० मिलिलिटर तेल मिसळावें लागतें. गाडी बरेच दिवस उभी राहिली, कीं पेट्रोल उडून जातें आणि तेलाचा चिकटा जाळीवर बसतो. नागपुरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां हें लवकर घडतें, आणि रबरी नळीही कडक होऊन तडकते. अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, जुन्या टाकींत बसलेला मळ सोडवितें आणि जुन्या प्रकारच्या रबराला तें मानवत नाहीं. म्हणून जी जाळी पूर्वीं वर्षांतून एकदां पाहिली तरी चालत असे, ती आतां तीन-चार महिन्यांनीं पाहावी, आणि नळी बदलतांना इथेनॉल सोसणारी मागून घ्यावी.

परंतु जाळीला हात लावण्यापूर्वीं दोष तिचाच आहे काय, हें ठरवावें. स्कूटर दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, तर दोष बहुधा प्लगच्या ठिणगीचा. ती धापा टाकीत बंद पडली, मिनिटभर विसावून पुन्हां सुरू झाली आणि चढावर पुन्हां बसली, तर पेट्रोल अपुरें पोचत आहे. अशा वेळीं आधीं टाकीचें झाकण सैल करून पाहावें. झाकणांतील हवेचें बारीक भोंक बुजलें असेल, तर आंत हवा शिरत नाहीं आणि पेट्रोल उतरत नाहीं. झाकण सैल करतांच सुस्कारा ऐकूं येतो व गाडी चालूं लागते. ही दुरुस्ती एका टांचणीनें होते. स्कूटर आडवी निजवून पुन्हां उभी करण्याचा जो प्रघात आपणां सर्वांना ठाऊक आहे, तो पेट्रोल संपत आलें असतां उपयोगी. टाकीच्या कोपऱ्यांत राहिलेलें पेट्रोल त्यायोगें कॉकच्या तोंडाशीं येतें. जाळी तुंबली असतां त्याचा उपयोग नाहीं. सोमवारीं पुलावर मीं तिला तीनदां निजविली. तो सर्व व्यायाम फुकट गेला.

यानंतरची परीक्षा घरीं करावी, पण घरांत करूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते; ती जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या शेगडीपाशीं किंवा देवापुढच्या समईपाशीं जाऊन पेट घेते. इंजिन थंड झाल्यावर, उघड्या अंगणांत, विडी-काडी व मुलें दूर ठेवून काम करावें, आणि जवळ बादलीभर कोरडी वाळू असावी. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचें नळीचें टोक सोडवावें, तें स्वच्छ बाटलींत धरून कॉक उघडावा. धार अखंड पडली, तर वरची वाट मोकळी आहे. दोष कार्बोरेटरच्या जाळींत. धार थेंबथेंब पडली, तर अडथळा कॉकपाशीं आहे. कॉक सोडविण्यासाठीं टाकी उतरवावी लागते आणि त्याचा पानाही निराळा असतो. तें काम मिस्त्रीला द्यावें. बाटली थोडा वेळ तशीच ठेवावी. तळाशीं पाण्याचे निराळे थेंब किंवा तांबूस गाळ दिसला, तर नुसती जाळी धुवून भागणार नाहीं. टाकीच धुतली पाहिजे.

जाळी काढण्यासाठीं उजव्या बाजूचें मोठें झाकण आणि त्याखालील हवेच्या पेटीचें झाकण उघडावें. नळी जेथें बसते, तेथील बोल्ट सोडविला, कीं जाळी हातीं येते. ती स्वच्छ पेट्रोलांत बुडवून मऊ ब्रशानें धुवावी आणि उजेडासमोर धरून पाहावी. एकही भोंक फाटलेलें असेल, तर नवी घालावी. फाटकी जाळी तुंबत नाहीं, यांतच तिचा धोका आहे. बोल्टाखालचें वॉशर हरवूं नये. तो बोल्ट मऊ धातूंत बसतो. अंगांतली सगळी ताकद लावून आवळला, तर आटे मरतात आणि दहा मिनिटांच्या कामाचे चार दिवस होतात. शेवटीं कॉक उघडून पांच मिनिटें थांबावें, सांध्यावर बोट फिरवावें. बोट कोरडें राहिलें, तरच गाडी सुरू करावी. पुष्कळ लोक अधिक खबरदारी म्हणून नळीच्या मधें मोटारीचा मोठा फिल्टर बसवितात. मोटारीला पंप असतो. येथें पेट्रोल केवळ आपल्या भारानें उतरतें. त्यामुळें खबरदारीचाच अडथळा होतो.

एवढें काम कोणाही सावध गृहस्थाला करतां येईल. चुकलें, तर स्कूटर सुरू होणार नाहीं, आणि ती आपल्याच अंगणांत उभी असेल.

आतां दुसरा धडा. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ लोखंडी ड्रम असतो. त्याच्या आंत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचें अस्तर, म्हणजे लायनिंग, चिकटविलेलें असतें. पेडल दाबलें, कीं केबल एक दांडी ओढते. दांडी आंतील चपटी खुंटी, म्हणजे कॅम, फिरविते. कॅम दोन्ही शूंना फांकवितो आणि लायनिंग ड्रमवर घासून चाक थांबतें. गाडीची सगळी गति येथें उष्णता होऊन जाते. वेग दुप्पट झाला, तर ही उष्णता चौपट होते आणि थांबण्यास अंतरही चौपट लागतें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जातांना, ब्रेक दाबावा हें सुचून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत ११ मीटर मागें पडतात. पुढचें सर्व त्या लायनिंगच्या हातीं.

लायनिंग झिजत जातें, तसतसा कॅमला अधिक फिरावें लागतें आणि पेडल खोल जाऊं लागतें. स्क्रू आवळल्यानें केबलीचा सैलपणा जातो व पेडल पुन्हां वर येतें. पण झिजलेलें लायनिंग त्यानें वाढत नाहीं. थोडे दिवस हें चालतें. शेवटीं कॅम पुरता आडवा होतो. यापुढें केबल कितीही ओढली, तरी शू आणखी फांकत नाहींत. गुरुवारीं पुलावर माझें तेंच झालें. घरीं आणून चाक उतरविल्यावर मिस्त्रीनें शू माझ्या हातांत ठेवला. त्यावर लायनिंग नांवापुरतें उरलें होतें. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वरतून आवळत गेले, अंदर काय उरलं ते पायलंच नाही." माझ्या दोन वर्षांच्या दुरुस्तीवर इतका नेमका शेरा मला लिहितां आला नसता.

मग बाहेरून कांहींच कळत नाहीं काय? पुष्कळ कळतें. पहिली गोष्ट, स्क्रूचे आटे. आवळावयास जागा उरली नसेल, तर आंत लायनिंगही उरलेलें नाहीं. दुसरी गोष्ट, दांडीचा कोन. कोणाला तरी ब्रेक दाबून धरावयास सांगावें आणि चाकापाशीं बसून पाहावें. केबल व दांडी यांचा सुमारें काटकोन व्हावा. दांडी त्याच्या बरीच पलीकडे जात असेल, तर आवळणें थांबवून चाक उघडावें. तिसरी गोष्ट, केबल. तिच्या टोकाशीं एक जरी तार तुटून बाहेर आली असेल, तरी ती बदलावी. उरलेल्या तारा आणीबाणीच्या दाबाचीच वाट पाहत असतात. चौथी गोष्ट, चाक. ब्रेक सोडल्यावर तें हातानें मोकळें फिरलें पाहिजे. घासत फिरलें, तर ब्रेक अति आवळला आहे. तो तापेल आणि लवकर झिजेल. या चार गोष्टी पाहण्यास पानाही लागत नाहीं.

चाक उघडण्याचें काम पहिल्या वेळीं जाणत्या मिस्त्रीच्या शेजारीं बसून करावें. मीं या वयांत तसें केलें. त्यांत कमीपणा वाटण्याजोगें कांहीं नाहीं. ड्रममध्यें काळी धूळ सांचलेली असते. तिला तोंडानें फुंकर मारण्याची आपली जुनी खोड आहे, ती सोडावी. जुन्या लायनिंगमध्यें अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटे फुप्फुसांत गेले, तर कित्येक वर्षांनीं असाध्य रोग होतात. नाकावर मुखपट्टी बांधावी, धूळ ओल्या फडक्यानें टिपावी, फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि हें काम मुलांसमोर करूं नये.

लायनिंग सुमारें दीड-दोन मिलिमीटर उरलें, कीं दोन्ही शू जोडीनेंच बदलावेत. वरचा थर नुसता चकाकत असेल, तर तो ओल्या पॉलिशकागदानें हलकेच खरवडावा. लायनिंग तेलानें माखलें असेल, तर तें धुवून पुन्हां वापरूं नये. तापल्यावर आंत मुरलेलें तेल वर येतें. शिवाय तेल आलें कोठून, हा प्रश्न उरतोच. मागच्या चाकांत तें इंजिनाच्या बाजूच्या सीलमधून येतें. सील बदलणें मिस्त्रीचें काम. कॅमला ग्रीस लावावें, पण बोटाला लागेल इतकेंच. चाकाच्या मधल्या नटांत जी स्प्लिट पिन असते, ती जुनी पुन्हां वांकवून घालूं नये. चार-दोन रुपयांची ती पिनच नटाला जागेवर धरून ठेवते.

सर्व बसविल्यावर पहिली परीक्षा स्कूटर हातानें ढकलून करावी, दुसरी मोकळ्या गल्लींत पायी चालण्याच्या वेगानें, तिसरी रस्त्यावर एकट्यानें. नवे शू ड्रमवर पूर्ण बसण्यास कांहीं दिवस लागतात. तोंवर ते पुरते धरीत नाहींत. तेव्हां मागच्या बैठकीवर कोणाला घेऊं नये. आणि मनांत 'बसलें असेल' असा शब्द उमटला, तर गाडी बाहेर काढूं नये. पेट्रोलच्या कामांत 'असेल' चालतें. ब्रेकच्या कामांत 'आहे' असेंच म्हणतां आलें पाहिजे.

ज्यांच्या दारांत जुनी मोटार आहे, त्यांच्यासाठीं एक इशारा. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची पद्मिनी आपण सर्वांनीं पाहिली आहे. मुंबईंत टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. तिचे ब्रेकही ड्रमचेच, परंतु ते केबलीनें न ओढतां नळींतील तेलाच्या दाबानें चालतात. हें ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. पाणी मुरलेलें तेल लांब उतारावर तापून त्याची वाफ होते, आणि वाफ दबत असल्यामुळें पेडल पोकळ जातें. त्यांत इंजिनाचें तेल कधींही घालूं नये. आंतील रबर फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. मालकानें टाकींतील तेलाची पातळी व चाकांच्या आंतल्या बाजूचा ओलेपणा नियमानें पाहावा. नळी उघडणें आणि तींतली हवा काढणें हें जाणत्याच्या हातचें काम.

कोणी म्हणेल, मिस्त्री असतांना हा खटाटोप कशाला? पैसे वांचतात, हें खरें, पण थोडेच. खरा लाभ असा, कीं ज्या वस्तूच्या भरंवशावर आपण घरचें माणूस मागें बसवितों, तिची स्थिति आपणांस ठाऊक राहते. अर्धवट दुरुस्तीनें याच्या उलट होतें. माझें स्क्रू आवळणें वाईट ठरलें तें याचमुळें. पेडल खोल जाणें ही त्या ब्रेकची मला हांक होती, आणि दर वेळीं मीं तिचें तोंड बंद केलें.

आतां मीं एक वही ठेवली आहे. ब्रेकचा स्क्रू आवळला, कीं तारीख, किलोमीटर आणि किती फेरे आवळला, हें तींत लिहितों. फेऱ्यांची बेरीज वाढत चालली, म्हणजे लायनिंग घटत चाललें; मिस्त्रीनें नवे शू बसविले, त्या दिवशीं बेरीज शून्यावर आणली. जाळी धुतल्याची तारीख दुसऱ्या रकान्यांत असते. दर रविवारीं सकाळीं मी चाकापाशीं बसतों. ब्रेक दाबून धरण्याचें काम नातीकडे आहे, आणि दांडीचा काटकोन बरोबर आहे कीं नाहीं, हें ती आपली शाळेची गुण्या लावून तपासते. गेल्या रविवारीं तिनें विचारलें, "आजोबा, त्या दिवशीं पुलावर गंमत केली होती ना?" मीं तिला वहीचें पहिलें पान उघडून दाखविलें. तेथें गुरुवारची तारीख आहे, आणि तिच्यापुढें लिहिलें आहे : दोन वर्षें उघडून पाहिलें नाहीं.